गोटवहिनीचा जबाब

खिडकीच्या काचेचा वरचा अर्धा भाग पुसून झाला होता, खालचा अजून साबणाच्या फेसात होता, तेवढ्यात दारात पोलीसबाई येऊन उभी राहिली. गोटवहिनी स्टुलावरून उतरली ती हातातला वर्तमानपत्राचा ओला बोळा तसाच धरून.

"घाबरू नका हो," पोलीसबाई म्हणाली. "धरायला नाही आले. साहेबांनी जबाबाला बोलावलंय, परवा सकाळी. तुमच्या यजमानांच्या अपघाताच्या तपासात घरच्यांचं म्हणणं लिहून घ्यायचं राहिलंय."

"माझं कसलं म्हणणं? मी कुठे गाडीत होते?"

"तेच येऊन सांगा की मग."

बाई गेली. फेस काचेवर सुकत चालला, त्याचे ओघळ पडले, पण वहिनी परत स्टुलावर चढली नाही.

गोटवहिनी हे अर्थातच तिचं खरं नाव नव्हे. गाडीच्या सीटच्या कडेने आत दोरी घालून जी बारीक, उठावदार शिवण फिरवतात तिला गोट म्हणतात, आणि तिच्याइतका सरळ गोट त्या गल्लीत कोणाच्याच मशीनवर येत नसे. लग्न होऊन आली तेव्हा तिला सुईत दोरा ओवण्यापलीकडे काही येत नव्हतं. नवऱ्याने पहिल्याच आठवड्यात रेक्झिनचा एक तुकडा पुढ्यात टाकला आणि म्हणाला, "हे कापडासारखं नाही बरं. कापड चूक पोटात घालतं. इथे सुई टोचली की भोक कायमचं." भोकं पाडत पाडत ती शिकली. पुढे गल्लीतले बाकीचे कारागीरही अवघड सीट आली की पोराटोरांना सांगू लागले, "वहिनींकडून गोट मारून आण." त्यातून नाव पडलं ते पडलंच. तिच्या आईनेसुद्धा एकदा हाक मारताना तेच म्हटलं आणि मग दोघी हसत सुटल्या.

नवऱ्याला सगळे उस्ताद म्हणत. माणूस हसरा. शीळ घातल्याशिवाय कात्री चालायची नाही. गिऱ्हाईक भांडायला आलं तरी जाताना त्याच्याच विनोदावर हसत जायचं. "हात सोन्याचे, जीभ साखरेची," वहिनी म्हणायची, "आणि डोकं तेवढं आणायचं विसरून आलेत." यावर उस्ताद सगळ्यांत मोठ्याने हसायचा.

कारखाना म्हणजे काय, रस्त्यावर उघडणारी एक लांबुळकी खोली. सीटचा फोम रेक्झिनला चिकटवायचा, गाडीच्या छताचं कापड आतून पत्र्याला चिकटवायचं, हे सगळं सोल्युशनवर चालतं. सोल्युशनचा डबा, ते पातळ करायचं थिनर, आणि बाहेर आलेलं सोल्युशन पुसायला थिनरमध्ये बुडवलेलं फडकं. या तीन वस्तू ज्याच्या हाताशी नाहीत तो सीटवालाच नव्हे. आणि या धंद्याचा एक नियम असा, की सोल्युशन ओलं असताना शटर खाली ओढायचं. रस्त्यावरची धूळ त्याच्यावर बसली की कापडाला पुटकुळ्या येतात, मग गिऱ्हाईक त्यांवर एकेक करून बोट ठेवतं. त्यामुळे सगळ्या गल्लीची शटरं भर दुपारी खाली असायची, आत एक ट्यूब, उघडा डबा आणि माणसं.

नवा माणूस कामाला लागला की पहिल्या दिवसांत त्याचं डोकं गरगरायचं. बाकीचे हसायचे, "याला फुकटची लागली!" मग हळूहळू त्याला वास येईनासा व्हायचा, आणि तो पक्का कारागीर झाला असं धरायचे. वास येत नाही म्हणजे आता तो बाधत नाही, अशी सगळ्यांची ठाम समजूत. देवाने माणसाला नाक दिलं ते राखणदार म्हणून. या लोकांचा राखणदार झोपी गेला होता आणि ते म्हणत होते, बघा, चोऱ्या थांबल्या.

उस्तादचं मात्र पुढे वेगळंच सुरू झालं. सुट्टीच्या दिवशीही तो "कुलूप नीट लागलंय का बघून येतो" म्हणून निघायचा. एकदा दुपारी वहिनी डबा घेऊन मागच्या दाराने आत गेली. फळीवर काही काम नव्हतं. उस्ताद फोमच्या थप्पीवर बसलेला, फडकं नाकाला, नजर समोरच्या कोऱ्या भिंतीवर, जणू तिथे काहीतरी छान चाललंय.

"अहो, काय करताय?"

"काही नाही गं. कंटाळा पुसतोय."

आणि तो हसला. तिलाही हसू आलं, इतकं ते बोलणं त्याच्यासारखं होतं. दुसऱ्यांदा पाहिलं तेव्हा तिला हसू आलं नाही. तिसऱ्यांदा तिने त्याला शपथ घालायला लावली. त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली, आणि डबा समोर येईपर्यंत पाळलीसुद्धा.

हे तिने कोणाला सांगितलं नाही. दारुड्याच्या बायकोला निदान दुःख सांगायला शब्द तरी असतो. हिने कोणापाशी काय सांगावं, की नवरा फडकं हुंगतो? लोक आधी हसले असते आणि मग विसरले असते. ती फक्त देवाला सांगायची. सकाळी हात जोडले की ओठांवर आधी ते फडकं यायचं, मग देवाचं नाव.

अपघात झाला त्या दिवशी उस्तादने एका गाडीचं छत केलं होतं. छत ओलं असलं की गाडीची दारं उघडी टाकून तिला रात्रभर तशीच ठेवायची, ही रीत. पण मालकाला घाई, आणि उस्तादला नाही म्हणता येत नाही. तो स्वतःच गाडी पोचवायला निघाला, आणि धूळ बसू नये म्हणून काचा वर. टपाल कचेरीच्या वळणावर सायकलवरचा टपालवाला त्याने उडवला आणि गाडी दिव्याच्या खांबाला नेऊन लावली. टपालवाल्याचा पाय गुडघ्याखाली मोडला. देवाने जीव राखला. उस्तादच्या कपाळाला टेंगूळ.

पोलिसांनी तिथल्या तिथे नळी तोंडात देऊन फुंकायला लावलं. मशीनवर शून्य. दवाखान्याच्या खाटेवर पडल्या पडल्या उस्ताद येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होता, "जन्मात दारूला शिवलो नाही. मशीनसुद्धा साक्ष देतंय." पण ड्युटीवरच्या डॉक्टरने त्याच्या डोळ्यांत बॅटरी मारली, दोन प्रश्न विचारले, आणि रक्त घ्या म्हणून सांगितलं. तिकडे गाडी उचलायला आलेल्यांना वासाने तिच्याजवळ उभं राहवेना. उस्ताद आपला म्हणतोय, "कसला वास?"

दवाखान्याने त्याचे कपडे पिशवीत घालून वहिनीकडे दिले. घरी तिने ते बादलीत ओतले तर सदऱ्यात गुंडाळलेलं फडकं निघालं, सोल्युशनने कडक झालेलं. तिचा हात थांबला. मग थांबलेला हात पुन्हा चालू झाला. तिने ते साबण लावून घासलं, पिळलं, बाकीच्या कपड्यांबरोबर दोरीवर टाकलं. सवयीने केलं की समजून उमजून, हे तिला देवासमोरही धड सांगता आलं नसतं.

पोलीसबाई येऊन गेल्याच्या दुसऱ्या दिवशी दोघं वकीलबाईंकडे गेली. वकीलबाई सरळ बोलणारी, कोणाला न रडवणारी आणि कोणाला खोटी आशा न लावणारी.

"मशीनवर शून्य होतं," उस्तादने बसायच्या आधीच सांगितलं.

"ते मशीन दारूचं. कायदा नुसत्या दारूचा नाही. ज्या कशाने माणसाचं भान सुटतं ते सगळं त्यात आलं. बाटलीतलं असो, गोळीतलं असो, नाहीतर तुमच्या डब्यातलं. नशेत गाडी चालवून माणूस जायबंदी केला असं ठरलं तर तुरुंग, आणि लायसन्स कित्येक वर्षं विसरा. शिवाय विमा कंपनी टपालवाल्याला भरपाई देईल आणि ती वसूल करायला तुमच्या दारात येईल."

उस्तादची शीळ घालायची जागा कोरडी पडली. "आणि तसं नाही ठरलं तर?"

"मग निष्काळजीपणा. दंड, फार तर काही महिने लायसन्स जमा." तिने कागद पुढे ओढला. "तुमच्या रक्तात सोल्युशनचा अंश निघालाय. पण तो तुमच्या गल्लीत शटर लावून बसणाऱ्या कोणाच्याही रक्तात निघेल. धंदा करताना नकळत नाकात गेलं ही एक गोष्ट, आणि मुद्दाम नाकाला लावलं ही दुसरी. खटला या दोन्हींच्या मधोमध उभा आहे. आणि आपल्या बाजूने कोण बोललंय माहितीये? टपालवालाच! त्याने जबाबात सांगितलंय, ड्रायव्हरच्या नाकाला रुमाल होता, बहुतेक सर्दी असावी. म्हणजे हा माणूस ओल्या छताचा वास टाळत होता. वहिनी, वास नको म्हणून ते नेहमीच असा रुमाल धरायचे ना?"

"नेहमी!" उस्ताद म्हणाला. टेबलाखाली त्याचा पाय वहिनीच्या पायाला लागला.

"मी त्यांना विचारतेय. उद्या जबाब त्यांचा आहे."

"बघते," वहिनी म्हणाली.

वकीलबाईंनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "त्यात बघायचं काय?"

बाहेर पडल्यावर उस्ताद पहिल्यासारखा झाला. "सुटलो बघ! टपालवाल्याने निकालाचं पत्रच आणून दिलं." वहिनी हसली नाही. तिने त्याला बसमध्ये बसवलं आणि स्वतः दवाखान्याकडे वळली. का जातेय ते तिचं तिलाही ठाऊक नव्हतं, पण पाय तिकडे वळले.

टपालवाल्याचा पाय लोखंडी सळ्यांच्या पिंजऱ्यात होता आणि तोंड मात्र मोकळं होतं. "या या! आता पत्रांनीच चालत माझ्याकडे यायचं ठरलंय." त्याच्या बायकोने स्टूल पुसून पुढे केलं आणि विचारलं, "साहेबांची सर्दी कशी आहे आता?"

वहिनीला वाटलं, ही टोमणा मारतेय. तिने मान वर करून पाहिलं. टोमणा नव्हता. खरंच विचारत होती.

"सर्दीत गाडी चालवू नये हो," टपालवाला म्हणाला. "शिंक आली की डोळे मिटतात, मग कोण काय करणार? माझीही चूक असेल. घंटी वाजवली नाही मी."

"तुमची काही चूक नाही," वहिनी इतक्या जोरात म्हणाली की शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याने कूस बदलली. बाहेर नळापाशी जाऊन तिने तोंडावर पाणी मारलं आणि पदराने पुसायचंही विसरली.

घरी आली तर तिची नणंद वाट पाहत बसलेली. उस्ताद कारखान्यात गेला होता.

"वहिनी, मला सगळं कळलंय. आता एकच शब्द बोलायचाय तुला. रुमाल. एवढंसुद्धा जमणार नाही?"

"खोटं आहे ते, वन्सं."

"बाई गं, तुझा गोट सरळ असतो हे साऱ्या गल्लीला माहीत आहे. एक दिवस जीभ थोडी वाकवलीस तर मशीन मोडणार नाहीये! नवऱ्याला आत पाठवून तुला काय बक्षीस मिळणार?"

"आणि सुटून आल्यावर परत कोणाला उडवलं तर?"

"छे! चांगली अद्दल घडलीये त्याला."

"अद्दल घडलेला माणूस परवा दुपारी पुन्हा फडकं घेऊन बसत नाही, वन्सं. मी बघून आले. टेंगूळसुद्धा अजून उतरलेलं नव्हतं."

नणंद उठली, पिशवी उचलली आणि दारात वळून म्हणाली, "हे तू मला सांगितलं नाहीस आणि मी ऐकलं नाही." जाताना मात्र तिने भावाच्या टांगलेल्या सदऱ्याची बाही उगाच हाताने सरळ केली.

संध्याकाळी उस्ताद आला. वहिनीने चहा पुढे ठेवला आणि समोर बसली.

"मी उद्या फडकं म्हणणार आहे."

त्याला आधी ती थट्टा वाटली. मग त्याने कप खाली ठेवला. "वेडी झालीस का? तुरुंग म्हणाली ती वकीलबाई. ऐकलंस ना?"

"ऐकलं."

"मग? गप्प बस निदान. धंदा बुडेल, गल्लीत तोंड दाखवता येणार नाही. आणि काय एवढं केलंय मी? सगळी गल्ली हुंगते!"

"गल्ली काम करताना हुंगते. तुम्ही काम नसताना हुंगता." ती थांबायला तयार नव्हती. "अहो, टपालवाल्याच्या बायकोने मला तुमची सर्दी विचारली. उद्या रुमाल म्हटलं की तुम्हाला लायसन्स परत मिळणार, तुम्ही परत त्या शटरच्या आत जाणार. एक दिवस मी डबा घेऊन येईन आणि तुम्ही त्या थप्पीवर बसलेले असाल, आणि मी हाक मारली तरी वळणार नाही. मला रोज तेच दिसतं. भाजी चिरताना दिसतं. डोळे मिटून हात जोडले तरी दिसतं."

"कोणी मरत नाही गं वासाने."

"तो टपालवाला मेला असता."

उस्तादने भिंतीकडे तोंड केलं. चहा तसाच राहिला. त्या रात्री एका छताखाली दोन माणसं जागी होती आणि दोघंही झोपल्याचं सोंग करत होती.

सकाळी पोलीस ठाण्याच्या फाटकाशी वहिनीने वकीलबाईंना बाजूला घेतलं आणि भडाभडा सगळं सांगून टाकलं. वकीलबाई कपाळ चोळत राहिली.

"हे मला काल सांगायचं होतंत."

"काल हे शेजारी बसले होते."

"आता मी तुम्हाला रुमाल म्हणा असं सांगू शकत नाही. खोटं आहे हे माहीत असताना नाही." तिने फाटकातून आत पाहिलं. "पण गप्प राहिलात तरी चालेल. नवऱ्याविरुद्ध बोलाच म्हणून तुम्हाला कोणी धरून बसवणार नाही. टपालवाल्याचा रुमाल कागदावर आहे, तो राहील."

ही वाट वहिनीच्या ध्यानातच आली नव्हती. खोटं बोलायचं नाही आणि खरंही बोलायचं नाही. नुसतं ओठ मिटून बसायचं, आणि दुसऱ्याच्या भाबडेपणावर आपला नवरा सोडवून आणायचा. क्षणभर तिचा जीव भांड्यात पडला. पलीकडे झाडाखाली उस्ताद उभा होता, नवा सदरा घालून, शाळेत उशिरा आलेल्या पोरासारखा. त्याचा उजवा हात सारखा नाकाशी जात होता आणि खाली येत होता. हातात काहीच नव्हतं. त्याला ते कळतही नव्हतं.

तिने देवाचं नाव घेतलं आणि आत गेली.

साहेबांनी नाव, पत्ता, धंदा विचारला. मग विचारलं, "तुमचे यजमान वास टाळायला नाकाला रुमाल धरायचे का?"

"रुमाल नाही, साहेब. फडकं. थिनरमध्ये बुडवलेलं. वास टाळायला नाही, वास घ्यायला."

लिहिणाऱ्या हवालदाराचं पेन थांबलं. साहेबांनी खूण केली तसं ते पुन्हा चालू झालं.

"कुठे आहे ते फडकं?"

"मी धुतलं."

"का?"

"धुवायच्या कपड्यांत आलं म्हणून. आणि लपवायचं होतं म्हणूनही असेल. दोन्ही लिहा."

"बाई, हे लिहिलं तर तुमच्यावरही येऊ शकतं. कळतंय ना?"

वहिनीने मान हलवली. हो म्हणून, की माहीत नाही म्हणून, ते साहेबांनाही उमजलं नसावं. तिने खुर्चीची कड घट्ट धरली होती. सही करताना अक्षर इतकं वेडंवाकडं आलं की ज्यांनी तिचा गोट पाहिला होता त्यांना ते तिचं वाटलं नसतं.

बाहेर वकीलबाईने उस्तादला जे सांगायचं ते सांगितलं. आता कलम नशेचं लागणार. लायसन्स इथेच जमा करा. "एकच वाट राहिलीये. स्वतःहून कबूल करा आणि उपचार सुरू करा. कोर्ट सोडून देईल असं मी म्हणत नाही. पण कोर्ट ते बघतं."

उस्तादने लायसन्स हवालदाराच्या हातात दिलं आणि चालू लागला. वहिनी मागोमाग. बाजार संपला. तसा तो न वळता म्हणाला, "तू माझी बायको आहेस की सरकारची?"

"पुढे बघून चाला. रस्ता आहे."

तो चौकात थांबला. गाड्या जात होत्या. बराच वेळ त्या जाऊ दिल्या त्याने, वाट मोकळी झाली तरी.

"त्या टपालवाल्याला खरंच सर्दी वाटली?"

"हो. घंटी वाजवली नाही म्हणून स्वतःला दोष देतोय."

उस्तादचा हात पुन्हा नाकाशी गेला. या वेळी त्याचा त्यालाच दिसला. त्याने तो खिशात कोंबला.

"दवाखान्यात नंबर तू लाव," तो म्हणाला. "मी मागाहून येईन."

येईल का, हे तिला माहीत नव्हतं. विचारलं तर शपथ घेईल, आणि त्याच्या शपथेची तिला आता भीती वाटत होती. तिने काही विचारलं नाही. तिथली खिडकी सकाळी लवकर उघडते आणि रांग त्याआधी लागते, असं वकीलबाई म्हणाली होती. उद्या उठल्याबरोबर सरकारी दवाखान्यात जायचं आणि व्यसनमुक्तीच्या खिडकीवर उस्तादच्या नावाचा केसपेपर काढायचा.